सोळा कोर आणि एक कालवा

हरिदास उमाटेची ओळख करून द्यायची तर पहिली अडचण ही, की तो स्वतः कोणालाच नावानं ओळखत नाही. हिंगणीतल्या त्याच्या झेरॉक्सच्या दुकानात कोणी आलं की तो चष्म्यावरून बघतो आणि म्हणतो, "सात नंबर गेट, तीन एकर, गहू. बसा." माझ्या लग्नात मी बायकोशी त्याची ओळख करून दिली, तेव्हा त्यानं हात जोडले आणि विचारलं, "वहिनी, तुमच्या माहेरी पान्याची पाळी कशी लावतात?" तेव्हापासून माझी बायको त्याला वेडा समजते. मी वेडा समजत नाही, पण शहाणा म्हणायलाही जीभ रेटत नाही.

वर्ध्याला बीएस्सी कॉम्प्युटरला आम्ही तीन वर्षं एका बाकावर बसलो. मी पहिल्या वर्गात पास झालो, तो काठावर. मी प्राध्यापक झालो, वर्ध्यातच नालवाडीत घर बांधलं. तो हिंगणीला परत गेला, दुकान टाकलं आणि बापाची अडीच एकर शेती बघू लागला. आमच्या दोघांत कॉम्प्युटर कळलेला माणूस मीच, असं मला कालपरवापर्यंत वाटत होतं.

त्याच्या हातून आयुष्यात एकच मोठा प्रोग्राम लिहून झाला. कालव्याचं पाणी कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणत्या शेतकऱ्यानं घ्यायचं, त्याची यादी लावणारा. अठरा वर्षांपूर्वी तो त्यानं गावच्या पाणी वापर संस्थेला फुकट दिला. दर पाळीच्या आधी मारुतीच्या देवळासमोर ती यादी वाचली जायची, आणि लोक तिला संस्थेची यादी म्हणायचे नाहीत, हरिदासची यादी म्हणायचे.

हा प्रोग्राम त्यानं का लिहिला ते त्यानं कधी सांगितलं नाही. मला त्याच्या आईनं, देवकाबाईंनी सांगितलं. उमाट्यांचं शेत कालव्याच्या अगदी शेवटी, ज्याला सगळे टेल म्हणतात तिथं आहे. पूर्वी पाणी सुटलं की धरणाकडचे, म्हणजे हेडवरचे शेतकरी आधी घ्यायचे, मग मधले, आणि उरलं तर टेलवाले. हरिदास दहावीत असताना त्याचे वडील डोमाजी गेट उघडायचा लोखंडी दांडा घेऊन तीन दिवस गेटवर बसून राहिले. पाणी आलंच नाही. ओंब्या भरायच्या वेळी गहू वाळला. डोमाजी घरी आले, दांडा खुंटीला अडकवला आणि जेवायला बसले. पोराला ते जेवण आठवत असावं. त्याच्या प्रोग्रामातला पहिला नियम आहे, पाळी टेलकडून लागेल. दुसरा, रात्रीची पाळी एकाच माणसाला लागोपाठ दोनदा येणार नाही. तिसरा, एकटी बाई शेत करत असेल तर तिला दिवसाची वेळ. हे सगळं जुळवायला कॉम्प्युटर लाखो मांडण्या करून बघायचा आणि त्यातली सगळ्यांत न्यायाची निवडायचा.

अठरा वर्षांत ही यादी एकदाही चुकली नाही. त्याची पद्धतच तशी होती. डोमाजी धान्य मोजताना म्हणायचे, एकदा मोजलं त चुकते, दोनदा मोजलं त भुलते, तिसऱ्यांदा खरं. हरिदास प्रोग्राम तीनदा चालवायचा, तिन्ही याद्या ताडून बघायचा, आणि मगच छापायचं बटण दाबायचा.

गेल्या वर्षी तीन शाखा मिळून एकच संस्था झाली. चारशे शेतकऱ्यांचे पंधराशे झाले आणि चौदा गेटांची बावन्न. जुन्या कॉम्प्युटरला यादी लावायला अडतीस तास लागू लागले. हिंगणीत सलग अडतीस तास लाईट राहिली तर लोक पेढे वाटतील. दरवेळी तिसाव्या तासाला लाईट जायची आणि हरिदास पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा. शेवटी त्यानं मला फोन केला.

"सोळा कोरचा प्रोसेसर घे," मी म्हणालो.

"सोळा कोर म्हणजे सोळा डोके?"

"तसंच समज."

"म्हणजे सोळा पट लौकर होईन?"

मी हो म्हणालो. हे माझं पाप. मी बारा वर्षं हा विषय शिकवतो. 'बहुगाभा प्रोसेसरच्या रचनेतील आव्हाने लिहा, पाच गुण' हा प्रश्न मी स्वतः सहा वेळा पेपरात घातलाय. पण पेपरातला प्रश्न मित्राच्या दुकानात कसा दिसतो हे मला माहीत नव्हतं.

नवीन मशीन आली, आणि यादीला एकतीस तास लागले.

मी सेलूमार्गे गाडी हाकत हिंगणीला गेलो. हरिदास स्क्रीनसमोर गालाला हात लावून बसला होता. स्क्रीनवर सोळा चौकोन होते, एकेका कोरचा एकेक. एक चौकोन गच्च भरलेला, पंधरा रिकामे.

"पाह्य प्रोफेसर," तो म्हणाला. "पंधरा जन धुऱ्यावर बसून तंबाकू मळून राह्यले अन एकटा राबून राह्यला. काऊन?"

"तुझा प्रोग्राम एका कोरसाठी लिहिलेला आहे. बाकीच्यांना तू काम सांगितलंच नाहीस."

"त्यायले दिसत नाई का?"

"नाही दिसत. काम वाटून द्यावं लागतं."

मग त्यानं जो प्रश्न विचारला तो माझ्या एकाही विद्यार्थ्यानं बारा वर्षांत विचारला नव्हता. "मंग सोळा मरतुकडे काऊन बनवले? एकच तगडा काऊन नाई बनवला? आपन शिकत होतो तवा त दरसाल वेग वाढे."

मी त्याचा हात धरून मशीनच्या मागं, जिथून गरम वारा येतो तिथं ठेवला. म्हटलं, एकाचाच वेग वाढवत गेलं की तो तापतो, आणि थोडासा वेग वाढवला की ताप मात्र खूप वाढतो. एका मर्यादेपुढं तो थंड ठेवणंच जमेना. म्हणून कारखानदारांनी वेग वाढवायचा सोडला आणि डोकी वाढवली.

"म्हणजे थकले," हरिदास म्हणाला, "अन काम आपल्या अंगावर टाकलं."

मला हे उत्तर पाच गुणांच्या उत्तरापेक्षा बरं वाटलं.

मग मी त्याला दुसरा सल्ला दिला. प्रोग्रामाचे सोळा तुकडे कर, एकेका कोरला शंभरेक शेतकरी दे, सगळे एकाच वेळी यादी भरतील. त्यानं दहा दिवस खपून ते केलं. यादी साडेचार तासांत लागली. त्या दिवशी फोनवर तो इतका हसला की मलाही हसू आलं. तीनदा चालवली, तिन्ही याद्या जुळल्या. त्यानं छापायचं बटण दाबलं, यादी देवळासमोर वाचली गेली, कालव्याला पाणी सुटलं.

मंगळवारी अकरा वाजता शेवटच्या, बावन्न नंबरच्या गेटवर दोन माणसं दांडा घेऊन आली. एक नत्थू, उमाट्यांचा धुऱ्याला धुरा, म्हणजे बांधाला बांध असलेला शेजारी. दुसरे डोमाजी. दोघांच्या कागदावर एकच वेळ होती, मंगळवार, अकरा ते दोन. नत्थू तापट माणूस. त्यानं कागद डोमाजींच्या पायाशी टाकला. तरी डोमाजींनी गेट त्याला उघडू दिलं आणि स्वतः घरी आले. पण बोलायचं ते लोक बोललेच. हरिदासनं बापाले दिवसाची पाळी देल्ली. आठवडाभरात अशी आणखी सहा दुबार नावं निघाली.

संस्थेचे अध्यक्ष अण्णाजी हेडवरचे शेतकरी. माणूस वाईट नाही, पण त्यांच्या विहिरीला बारमाही पाणी आहे आणि टेल त्यांनी लग्नकार्याशिवाय पाहिलेला नाही. त्यांनी सांगितलं, "पुढच्या पाळीची यादी येत्या गुरुवारी सभेत ठेवा. त्यात एकबी चूक निंगाली, त कागदाचं काम बंद. हेडपासून सरळ पानी सोडू, जसं बापजाद्यायच्या टायमाले होतं."

बापजाद्यांच्या वेळी काय होतं ते हरिदासला ठाऊक होतं.

रविवारी मी गेलो तेव्हा त्याची दाढी वाढली होती. टेबलावर याद्यांचा ढीग. "प्रोफेसर, मी हे दहा वेळ चालवलं. आठ वेळ बरोबर, दोन वेळ चूक. मशीन थेच, आकडे थेच, प्रोग्राम थोच. मंग उत्तर येगळं काऊन येते?"

मलाही कळेना. मी आव आणून सांगितलं, की प्रत्येक कोरजवळ त्याची स्वतःची छोटी मेमरी असते, घरातल्या माठासारखी, दरवेळी विहिरीवर जायला नको म्हणून. एकानं आपल्या माठातला आकडा बदलला आणि दुसऱ्याच्या माठात जुनाच राहिला, तर घोळ होतो. हरिदासनं ते वहीत लिहून घेतलं. चहा पिताना मला आठवलं की हा सांभाळ प्रोसेसर स्वतःच करतो; एका माठात बदल झाला की बाकीच्यांना तो कळवला जातो. मी म्हटलं, ते खोड. त्यानं खोडलं आणि माझ्याकडं असं बघितलं की जणू मीच दुबार छापला गेलो होतो.

"आपल्या दोघायपैकी शिकलेला कोन आहे बे?" तो म्हणाला.

मग आम्ही कागदावर प्रोग्राम मांडून एकेक ओळ वाचू लागलो. दुपार झाली. देवकाबाईंनी बोलावल्यावर त्यांच्या घरी गेलो, वांग्याची भाजी खाल्ली, पुन्हा कागद मांडला. डोमाजी ओसरीवर दांड्याला तेल लावत बसले होते. अखेर ती जागा सापडली. एक कोर बघतो, बावन्न नंबरवर मंगळवारी अकराची वेळ मोकळी आहे. तो तिथं नत्थूचं नाव लिहायला जातो. लिहिण्याआधीच्या त्या एवढ्याशा फटीत दुसरा कोर बघतो, त्यालाही ती वेळ मोकळीच दिसते. तो डोमाजी लिहितो. दोघंही आपापल्या जागी प्रामाणिक. फट इतकी बारीक की बहुतेक वेळा कोणी तिच्यात सापडत नाही.

"पन मी तीनदा ताडून पाह्यली होती. तिन्ही जुळल्या."

"आणि छापली कोणती? तिसरी?"

हरिदासचा चेहरा उतरला. छापायचं बटण दाबलं की त्याचा प्रोग्राम यादी पुन्हा पहिल्यापासून लावतो. अठरा वर्षांपूर्वी त्यानं तसं लिहिलं, कारण ऐन वेळी कोणाचं क्षेत्र बदललं तर ते यादीत यावं. तेव्हा एकच कोर होता. चौथी यादी तिसरीपेक्षा वेगळी येणं शक्यच नव्हतं. या वेळी त्यानं तपासल्या तीन आणि गावाला दिली चौथी. वर ती चौथी लागत असताना त्याच मशीनवर तो पीकविम्याचे फॉर्म भरत होता. त्यामुळं सगळ्या कोरांचं मागंपुढं झालं आणि फट उघडी पडली.

"मोजलं तीनदा अन वाटलं न मोजलेलं," तो म्हणाला. त्याला स्वतःचीच शरम वाटत होती, आणि मला माझी.

डोमाजींनी मान वर केली. त्यांना कॉम्प्युटरचं काही कळत नाही, पण दोघांना एक वेळ मोकळी दिसली एवढं त्यांनी ऐकलं होतं. "पहिले एका गेटाले दांडा एकच राहे," ते म्हणाले. "जाची पाळी संपली त्यानं दुसऱ्याच्या वावरात जाऊन दांडा हातात द्याचा. हातात देल्ला म्हनजे पाळी झाली. मंग सोयीसाठी जो तो सेलूवरून आपला दांडा करून घेऊन आला. तवापासून भांडनं."

हरिदास ताडकन उठला. दुकानात जाऊन त्यानं प्रोग्रामात दांडा बसवला. ज्या कोरकडं दांडा, त्यानंच बघायचं आणि लिहायचं; लिहून झालं की सोडायचा. बाकीच्यांनी तोवर थांबायचं. आमच्या पुस्तकात याला कुलूप म्हणतात. मला दांडा जास्त पटला.

एकही नाव दुबार येईना. पण सोमवारी सकाळी सुरू केलेली यादी मंगळवारी दुपारीही लागत होती. कासवाची चाल बघून हरिदासनं हिशोब काढला. तेहतीस तास. एका कोरला एकतीस लागत होते, सोळांना तेहतीस. मी त्याला फोनवर म्हणालो, काहीतरी मोजायला चुकलास. तो म्हणाला, "तू येऊन मोज."

मंगळवारी संध्याकाळी आम्ही तिघं पुन्हा ओसरीवर. गुरुवारला एकच दिवस उरला होता. मला वाटू लागलं की मी या माणसाचं अठरा वर्षांचं नाव एका फोनमध्ये बुडवलं. तसं मी बोललोही. हरिदासनं ऐकलं नाही, तो स्क्रीनवरचे सोळा चौकोन कागदावर काढत होता. सगळे थोडे थोडे भरलेले, कोणीच पूर्ण नाही.

"पंधरा जन दांड्याची वाट पाहून राह्यले," तो म्हणाला.

डोमाजींनी विचारलं, "दांडा कोनत्या गेटाचा?"

"सगळ्यायचा."

"सगळ्यायचा? बावन्न गेटाले एक दांडा ठेवला का तुनं?"

हरिदास बापाकडं बघतच राहिला.

"हेडच्या गेटाचा मानूस पार टेलवरच्या मानसाची वाट पाहीन त पेरनी होईन का, बाप्पा? गेटागेटाचा दांडा आपला आपला."

बावन्न दांडे झाले. मी त्याला भर घातली, की एका गेटचे सगळे शेतकरी एकाच कोरकडं दे, म्हणजे त्याला दुसऱ्याकडं बघायचं कामच पडणार नाही. शेवटी मुख्य कालव्याचा हिशोब, एका वेळी एकूण किती गेटं उघडी राहू शकतात तो, एकट्यानंच करायचा. तो वाटता येत नाही. बुधवारी पहाटे लाईट आली आणि यादी पाच तासांत लागली.

"सोळा डोके आहेत, दोन तासांत व्हाले पायजे होती," हरिदास म्हणाला. त्याची आता कशावरच श्रद्धा उरली नव्हती. त्यानं आठ कोर बंद करून थोडा भाग चालवून बघितला. वेग तोच. "आठानं पाच तास अन सोळानंबी पाच तास. हे कोनतं गनित?"

या वेळी मला उत्तर येत होतं, पण डोमाजींनी माझ्या तोंडून घेतलं. मी फक्त एवढंच म्हणालो होतो, की कोर कितीही असले तरी मोठी मेमरी एकच, आणि तिच्याकडं जायचा रस्ताही सगळ्यांचा सामायिक. "मंग?" डोमाजी म्हणाले. "दारं वाढवले म्हनून कालव्यातलं पानी वाढते का?" आणि ते बैलाला चारा टाकायला गेले. बारा वर्षं मी हे फळ्यावर चौकोन काढून शिकवतो आणि मागचा बाक झोपतो.

यादी पाच तासांत लागते हे पुरेसं होतं. पण हरिदास उठला नाही. "हे आता बरोबर आहे का?" त्यानं विचारलं.

"असायला पाहिजे."

"पायजे म्हनजे? आहे का नाई?"

"फट बुजवली आहे आपण."

"आपल्याले दिसली थे बुजवली. न दिसलेली असन त?" तो म्हणाला. "पहिले तीनदा जुळली की मी छाती ठोकत होतो. आता शंभरदा जुळली तरी एकशे एकावी चुकू शकते. मंग मी लोकायले काय सांगू?"

त्याचं म्हणणं बरोबर होतं. छापायचं बटण त्यानं बदललं, आता तपासलेली यादीच छापली जाणार होती. मग तो म्हणाला, "तू जाय घरी. थोडं हाताचं काम आहे." मी नालवाडीला परत आलो.

गुरुवारी सकाळी दहाला देवळासमोर पाच-सहाशे माणूस जमला. अण्णाजी खुर्चीवर, यादी हरिदासच्या हातात. अण्णाजींनी सरळ विचारलं, "हरिदास, हे यादी खरी कायवरून समजाची?"

मी मागं उभा होतो. मनात म्हणालो, हो म्हण लेका, फक्त हो म्हण.

"मले मालूम नाई," हरिदास म्हणाला.

सभेत एकदम कालवा झाला. अण्णाजींनी हात वर केला. हरिदास पुढं बोलला, "मागच्या वेळची चूक माही होती. मी तपासली येगळी अन छापली येगळी. आता मी सुधारलं, पन मशीनमंदी सोळा जन संगं काम करते अन त्यायच्यात कधी काय होते थे मले पुरं समजत नाई. ह्या प्रोफेसरलेबी समजत नाई." सगळ्यांनी मागं वळून माझ्याकडं बघितलं. "म्हनून मी एकटा सांगनार नाई खरं का खोटं. बावन्न गेटाचे बावन्न कागद आनले. ज्याचं गेट त्यायनं बसून पाहा. कोनाची पाळी दुबार, कोनाची सुटली, थे तुमच्याबिगर कोनाले समजनार?"

लोक गेटागेटानं गोल करून बसले. कोणी मोठ्यानं वाचत होतं, कोणी बोटावर तास मोजत होतं. पंधराशे नावं तपासायला तासभरही लागला नाही. एकेका गोलातून माणूस उठायचा आणि सांगायचा, सात नंबर बरोबर. एकतीस नंबर बरोबर. हरिदास प्रत्येक गेटसमोर खूण करत होता. एक्कावन्न खुणा झाल्या.

बावन्न नंबरच्या गोलातून नत्थू उठला. "शनिवारी आठ ते अकरा गेट रिकामं आहे. पानी आहे, नाव कोनाचंच नाई."

"पहा," अण्णाजी म्हणाले. आवाजात राग नव्हता, सुटका होती. "चुकली ना मशीन? मंग ठरल्यापरमानं."

नत्थू कागद अजून न्याहाळत होता. "अन डोमाजीचं नाव नाई," तो म्हणाला. "कुठंच नाई."

मी हरिदासकडं बघितलं. तो खाली बघत होता. काल मला घरी पाठवून त्यानं हाताचं काय काम केलं, ते तेव्हा माझ्या लक्षात आलं. तो गप्प बसला असता तर दोष मशीनचा ठरला असता. त्याला कोणी काही म्हटलं नसतं, आणि टेलचं पाणी गेलं असतं.

"मशीन नाई चुकली," तो म्हणाला. "तिनं नाव देल्लं होतं. शनिवार, आठ ते अकरा. मी काढलं."

"काऊन?" अण्णाजींनी विचारलं.

"लोक म्हनत होते, बापाले दिवसाची पाळी देल्ली."

डोमाजी गोलातून उठले. गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश. मला वाटलं ते पोराच्या पाठीवर हात ठेवतील.

"मशीन चुकली त तिले दांडा देता आला, तुले कोनता द्याचा?" ते म्हणाले. "तू टेलवाल्यायसाठी यादी केली, अन पहिलं नाव टेलवाल्याचंच काढलं. अण्णाजी दुसरं काय करून राह्यला होता?"

हरिदास रडला. पंचेचाळीस वर्षांचा माणूस, सहाशे लोकांसमोर, चष्मा हातात घेऊन. अण्णाजी खुर्चीत जरा मागं सरकले आणि त्यांनी कोणाकडंच बघितलं नाही.

नत्थूनं हरिदासच्या खिशातला पेन काढून घेतला. कागद गुडघ्यावर ठेवून त्या रिकाम्या जागेत त्यानं मोठ्या वाकड्या अक्षरात लिहिलं, डोमाजी उमाटे. मग कागद अण्णाजींपुढं धरला आणि म्हणाला, "बावन्न नंबर बरोबर." अण्णाजींनी बराच वेळ तो कागद बघितला. शेवटी सही केली.

शनिवारी मला कॉलेज होतं. रजा टाकली आणि गेलो. डोमाजी पावणेआठलाच धुऱ्यावर येऊन थांबले होते, स्वतःचा तेल लावलेला दांडा खांद्यावर घेऊन. हरिदास माझ्या शेजारी उभा होता.

"प्रोफेसर," तो हळूच म्हणाला, "पन एखांदी फट राह्यली असन त?"

"असेल," मी म्हणालो. "मला नाही माहीत."

त्यानं मान हलवली. समोर नत्थूनं आपली पाळी संपवून गेट बंद केलं, चिखलातून चालत धुरा ओलांडून आला आणि आपल्या हातातला दांडा डोमाजींपुढं धरला. डोमाजींनी खांद्यावरचा आपला दांडा खाली गवतात ठेवला आणि नत्थूचा हातात घेतला.